विषम असेल तर दोन ठोके

शाळेचा हीरक महोत्सव आहे, भामा.
माजी विद्यार्थिनी कु. सत्यभामा धाकू तारी,
गणितज्ञ व संगणकतज्ञ,
यांच्यावर मी चार ओळी लिहायच्या म्हणे, सख्खा भाऊ म्हणून.
मला तुझं गणित येत नाही.
होडी हाकता यायची, पूल झाला आणि तीही विसरलो.

म्हणून तरीपासूनच सुरू करतो.

मोचेमाडच्या खाडीवर पलीकडचा माणूस हाक मारायचा
आणि वारा त्यातलं निम्मं खायचा.
"किती माणसां?" बाबा विचारायचे.
"...च आसत!"
पाच? की नुसतं "आमीच आसत"?
शेवटी बाबांनी नेम घालून दिला:
आकडा ओरडून झाला की
दगडाने लोखंडी खुंटावर ठोकायचं.
सम असेल तर एक ठोका, विषम असेल तर दोन.
वाऱ्याला लोखंड चावता येत नाही.
जुळलं तर होडी सोडायची, नाही तर परत विचारायचं.
चौथी नापास माणूस.

भाद्रपदातली अवस. तिन्हीसांज.
पलीकडून हाक आली, "सात, नि दोन पोरां!"
पोरं वाऱ्याने खाल्ली.
इकडे ऐकू आले सात. ठोके दोन.
जुळलं.
बाबांनी लहान होडी नेली.
पलीकडे नऊ जण उभे. मोठी आणायला परत यावं
तर ओहोटी लागत होती, कुणी मागे राहायला तयार नव्हतं.
मेस्त्र्यांची शकू बुडाली, सहा वर्षांची.
आकड्यात नव्हतीच ती.

गाव बाबांना बोलला. आई देवाला बोलली.
तू अकरा वर्षांची, खुंटापाशी बसून होतीस.
तिसऱ्या दिवशी तोंड उघडलंस:
"नव पण विषमच ना, गुणाजी? मगे ठोको जुळतलोच."

पुढचं लोकांना माहीत आहे.
वेंगुर्ल्याचं हायस्कूल, शिष्यवृत्ती, बोटीने मुंबई.
ती थंड खोली, जिथे यंत्र गारव्यात ठेवत
आणि तू बाबांचं कांबळं पांघरून रात्रपाळी करायचीस,
भोकं पाडलेली कार्डं मांडीवर.
तुझं एक पत्र आहे माझ्याकडे, झुरळांनी कडा खाल्लेलं:
"इथेही पलीकडून कुणीतरी ओरडतं रे,
फक्त शून्य आणि एक. मध्ये वारा आहेच.
बाबांचा ठोका चूक झाली एवढंच सांगतो,
तीही प्रत्येक वेळी नाही.
कुठे झाली, ते मला हवंय.
आकडे ओळीत नको, जाळ्यासारखे मांडते.
आडव्या ओळीला एक ठोका, उभ्या ओळीला एक.
दोन्हीकडून जिथे बिनसतं
तोच डोळा फाटलेला."
ते वाचून मी आमचं जाळं उलगडलं आणि बराच वेळ बघत बसलो.
पुढच्या पत्रात होतं, एवढ्यानेही पुरत नाही.
त्यापुढची पत्रं मला कळली नाहीत.

तुझ्या त्या कामासाठी जर्मनीहून एक गृहस्थ आले,
त्यांना खुंट बघायचा होता.
बाबांनी दाखवला,
आणि पलीकडे सोडल्याचे चार आणे घेतले.
शकूचं त्यांना कुणी सांगितलं नाही.
तू सांगशील असं मला वाटलं होतं.

आता अर्धांगानंतर वारा तुझ्याच तोंडात शिरलाय.
काल म्हणालीस, "पेटी."
खाटेच्या दांड्यावर बोट एकदा आपटलंस.
दोन अक्षरं, सम, जुळलं.
मी माळ्यावरून ट्रंक उतरवली, धुळीने शिंकत.
तू बघत राहिलीस, मग उजव्या अर्ध्या ओठाने हसलीस.
पेज हवी होती तुला.
निवली होती तोवर.

बाकी शाळेला तारखा हव्यात.
जन्मसाल नक्की करून द्या म्हणतात.
बाबांनी दाखल्यावर एक घातलं,
आई मरेपर्यंत दुसरंच सांगायची.
दोघांत दोन वर्षांचा फरक आहे, भामा.
ठोका तोच येतो.